चोर सोडून संन्याशाला सुळी

चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्याची गोष्ट आपण सारेच बाळपणापासून ऐकत आलो आहोत; परंतु ती आज्ञा देणारा राजा कित्येकदा आपल्याच ओसरीवर बसलेला असतो, आणि तो दुसरा कोणी नसून आपणच असतो, ही गोष्ट फार उशिरा ध्यानात येते. आमच्या घरी २०११ साली असाच एक खटला चालला. फिर्यादी होती संगणकाची हार्ड डिस्क, आरोपी ठरल्या आमच्या सूनबाई, आणि न्यायाधीशाचे काम आम्ही स्वतःकडे घेतले होते. निकाल चुकीचा लागला. तो कसा चुकला आणि पुढे कसा दुरुस्त झाला, हे या खेपेस वाचकांपुढे ठेवतो. कारण त्यातील यंत्राचा भाग ज्यांच्या घरी, शाळेत किंवा वाचनालयात जुने संगणक अजून चालू आहेत त्यांच्या उपयोगी पडेल, आणि उरलेला भाग ज्या घरात चार माणसे एकत्र नांदतात त्या प्रत्येक घराच्या.

आमचे बिऱ्हाड नांदेडास आणि धाकट्या बंधूंचे लातुरास. चुली दोन, पण कुटुंब एकच. घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याचे काम आम्ही पुष्कळ वर्षांपूर्वी हाती घेतले होते. वडिलांच्या पेटीतील मोडी टिपणे आम्ही वाचावीत, देवनागरीत उतरवावीत, आणि सूनबाईंनी ती संगणकावर टंकित करावीत, असा क्रम होता. संगणक जुना होता. त्याच्या मूळच्या लहान डिस्कवर दोन व्यवस्था नांदत होत्या : मुलांसाठी विंडोज, आणि विषाणूंच्या उपद्रवाला कंटाळून पुतण्याने घालून दिलेली लिनक्स. जागा अपुरी पडू लागली तेव्हा एक मोठी नवी डिस्क घेतली. परंतु ती जोडण्याची सोय त्या जुन्या मदरबोर्डावर नसल्यामुळे मध्ये एक वेगळे नियंत्रक कार्ड बसवावे लागले. त्याच्या शेजारच्या खाचेत टीव्ही ट्यूनरचे कार्ड आधीपासून होते. संध्याकाळी मुले त्यावर क्रिकेट पाहत. रात्री जेवणे आटोपून, ओटा आवरून सूनबाई टंकनास बसत.

नवरात्राच्या सुमारास त्रासाला आरंभ झाला. रात्री काम चालले असता फाईल उघडावयास मिनिटे लागत. साठवताना यंत्र मध्येच थबके, आणि पडद्यावर डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही अशा अर्थाच्या ओळी उमटत. एकदा तर तीन शाखांच्या वंशावळीची फाईल अर्धवटच उरली. सकाळी आम्ही स्वतः बसून पाहिले, तो सर्व काही सुरळीत! दुसऱ्या रात्री सूनबाई बसल्या, आणि पुन्हा तेच. घरात हळूहळू एक वाक्य रूढ झाले, “सूनबाई बसल्या की बिघडते.” प्रथम ते थट्टेने म्हटले गेले, मग अर्ध्या थट्टेने, आणि शेवटी थट्टा गळून पडली.

आम्ही उपाय केले नाहीत असे नाही. एका दुकानदाराने केबल बदलून दिली. गुण आला नाही. पुन्हा केबल बदलली. मग डिस्कच नासली आहे असे निदान झाले, म्हणून नवी डिस्क आणून जुनीवरील मजकूर तीवर उतरवून घेतला. चार दिवसांनी नव्या डिस्कनेही जुनीचाच पाढा वाचला. येथे विचारी मनुष्याने थांबावयास हवे होते. दोन निरनिराळ्या डिस्का एकाच खाचेत बसून एकच तक्रार करतात, तेव्हा दोष डिस्कांत नसावा, एवढा तर्क बाळबोध आहे. परंतु आम्ही थांबलो नाही. काही दोष विजेच्या चढउतारावर ठेवला, कारण त्या दिवसांत भारनियमन होतेच. आणि उरलेला सूनबाईंवर. “हे काम आता बाजारात देऊन टाकू,” असे आम्ही चारचौघांत बोलून गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी ओट्यावरचे पातेले उचलले आणि आत नेले.

दिवाळीस लातूरहून पुतण्या आला. तो तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास होता. आम्ही सारी हकीकत सांगितली व अखेरीस निष्कर्षही सांगितला. तो म्हणाला, “काका, कोण बसलं होतं ते राहू द्या. त्याच्या आधी यंत्रावर काय चाललं होतं, ते सांगा.” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. सूनबाई आतून एक दोनशे पानी वही घेऊन आल्या व त्याच्यापुढे ठेवून गेल्या. तीत प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, पडद्यावर आलेल्या ओळी आणि त्याआधी यंत्र कशासाठी वापरात होते, हे सारे स्वच्छ अक्षरात टिपलेले होते. जन्मभर विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणाऱ्या आम्हाला घरातली ही एक वही तपासावी असे सुचले नव्हते.

पुतण्याने काय शोधले ते समजण्यासाठी यंत्राच्या पोटातील एक व्यवस्था जाणून घेतली पाहिजे. संगणकाचा प्रोसेसर हा घरचा कर्ता. डिस्क, कळफलक, माऊस, ध्वनियंत्र ही त्याच्या आश्रयाची मंडळी. कर्त्याने दर घटकेला प्रत्येकाच्या दाराशी जाऊन ‘काही हवे आहे काय?’ असे विचारीत फिरायचे म्हटले, तर त्याचा सारा दिवस त्यातच जाईल. म्हणून उलटी योजना केलेली असते : ज्याला काम असेल त्याने हाक मारावी, आणि कर्त्याने हातचे काम क्षणभर बाजूस ठेवून तिकडे लक्ष द्यावे. या हाकेस इंटरप्ट असे म्हणतात, आणि ती ज्या तारेवरून येते त्या तारेच्या क्रमांकास आयआरक्यू.

अडचण अशी, की तारा थोड्या आणि हाका मारणारे पुष्कळ. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली निघाला, तेव्हा त्यात इंटेलच्या ८२५९ या चिपेवर आठ तारा होत्या. १९८४ सालच्या एटी नमुन्यात अशा दोन चिपा बसवून शून्यापासून पंधरापर्यंत सोळा क्रमांक केले. पुतण्या लातूरचा, म्हणून त्याने दाखला गंजगोलाईचा दिला. लातूरच्या मध्यभागी फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे १९१७ साली उभी राहिलेली ती दुमजली वर्तुळाकार बाजारपेठ, आणि तिला चोहोंकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते, वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील. तो म्हणाला, “काका, एटीची गोलाई अशीच सोळा रस्त्यांची. फक्त त्यातला दोन नंबरचा रस्ता दुसऱ्या चिपेला पहिलीशी जोडण्यातच खर्ची पडला, म्हणून वापरायला राहिले पंधरा.” त्यांपैकी शून्य क्रमांक घड्याळाच्या ठोक्याला, एक कळफलकाला, सहा फ्लॉपीला आणि चौदा हार्ड डिस्कला, अशी वाटणी ठरून गेली. पुढे चोवीस तारांची व्यवस्था आली. पण मंडळीही तितकीच वाढली.

त्या पहिल्या काळातील कार्डांची हाक घंटेच्या एका ठोक्यासारखी असे. दोघांनी एकाच तारेवर एकाच क्षणी ठोका दिला तर ऐकणाऱ्यास एकच ऐकू येई, आणि दुसऱ्याचे काम तसेच राही. म्हणून ज्याची तार त्याला, असाच सर्वसाधारण नियम होता. १९९२ साली पीसीआय नावाची नवी पद्धत आली. तिच्यात हाकेची रीत बदलली. आता घंटा एकदा वाजवून सोडायची नाही. आपले काम होईपर्यंत दोरी ओढूनच धरायची. यामुळे एका दोरीवर अनेकांचा निर्वाह होऊ लागला. वाड्यात चार बिऱ्हाडे आणि दिंडीदरवाज्याला घंटा एकच, अशी कल्पना करावी. घंटा वाजली की कर्ता त्या दोरीवरील प्रत्येकाच्या कारभाऱ्यास, म्हणजे ड्रायव्हरास, क्रमाने विचारतो : ‘हाक तुमची काय?’ ज्याची असेल तो ‘होय’ म्हणतो, काम होते, दोरी सुटते. सर्व कारभारी प्रामाणिक आणि हजर असतील, तर या सामाईक दोरीने कोणाचेच अडत नाही.

आता असे समजा, की एका बिऱ्हाडातील मूल दोरीला लोंबकळून बसले आहे आणि त्या बिऱ्हाडाचा कारभारी घरात नाही. घंटा वाजतेच आहे. कर्ता विचारतो, उपस्थित कारभारी पाहून म्हणतो, ‘आमची नव्हे.’ पुन्हा घंटा, पुन्हा विचारणा, पुन्हा नकार. आणि हे एका सेकंदात हजारो वेळा. लिनक्समध्ये यावर एक नियम घालून ठेवला आहे : एका तारेवर एक लाख हाका आल्या आणि त्यांपैकी ९९,९०० हून अधिक हाकांना कोणीही धनी निघाला नाही, तर ती तारच बांधून टाकावयाची. तसे करताना यंत्र आपल्या रोजनिशीत इंग्रजीत एक ओळ लिहिते, “नोबडी केअर्ड”. म्हणजे कोणीच दखल घेतली नाही. उपद्रव थांबतो, परंतु त्याच दोरीवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या निरपराध बिऱ्हाडाची हाकही त्या क्षणापासून कर्त्याच्या कानी जात नाही. डिस्क आपले काम करते, दोरी ओढते, उत्तर येत नाही. काही वेळाने डिस्कचा कारभारी लिहितो, की हाक हरवली, वेळ संपली. पडद्यावर जी तक्रार दिसते ती या दुसऱ्याच्या नावाने. दोरीला लोंबकळलेल्याचे नाव त्या ओळींत असतेच असे नाही.

पुतण्याने यंत्राची रोजनिशी उघडली. “आयआरक्यू १९ : नोबडी केअर्ड” ही ओळ तीत होती, आणि डिस्कच्या साऱ्या तक्रारी तिच्यानंतरच्या होत्या. दुसऱ्या एका तक्त्यात कोणत्या तारेवर किती हाका आल्या याची मोजणी असते. तेथे एकोणिसाव्या तारेची मोजणी एक लाखाच्या आसपास येऊन खिळली होती. त्या तारेवर नियंत्रक कार्ड होते, आणि कार्डांची यादी पाहता टीव्ही ट्यूनरचे कार्डही तिच्याच वाट्याला आलेले निघाले. त्या ट्यूनरचा ड्रायव्हर विंडोजमध्ये होता, लिनक्समध्ये नव्हता. डिस्क आपल्या प्रकृतीची जी नोंद स्वतःपाशी ठेवते, ज्यास स्मार्ट म्हणतात, तीही त्याने वाचली. नासलेल्या जागा शून्य. आणि केबल सदोष असती तर जी मोजणी वाढली असती, तीही शून्यच.

मग त्याने सूनबाईंची वही आमच्यापुढे सरकवली व म्हणाला, “आता तुमचं न्यायशास्त्र लावा, काका.” नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक आम्ही वर्गात फळ्यावर कित्येकदा समजावून दिला आहे. कारण असेल तेथे कार्य असावे, आणि कारण नसेल तेथे ते नसावे. दोन्ही बाजू जुळल्यावाचून कारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. वहीत अकरा बिघाड होते. अकराही वेळा संध्याकाळी मुलांनी विंडोजमध्ये टीव्ही पाहिला होता, आणि यंत्र पूर्ण बंद न करता केवळ पुनरारंभ करून लिनक्स सुरू केली होती. ही अन्वयाची बाजू झाली. व्यतिरेकाची बाजू त्याहून बोलकी निघाली. दोन रात्री अशा होत्या, की टीव्ही पाहिला गेला, सूनबाईही बसल्या, आणि तरी बिघाड झाला नाही. त्या दोन्ही नोंदींपुढे त्यांनी लिहिले होते : “मध्ये वीज गेली होती.”

ज्या विजेला आम्ही दोष देत होतो, ती गेल्यानेच त्या रात्री काम निर्विघ्न पार पडले होते! आमच्या यंत्रात पुनरारंभाच्या वेळी ट्यूनरची पूर्वस्थिती पुसली जात नसे. विंडोजने जागे केलेले ते कार्ड लिनक्समध्येही दोरी ओढीतच राही, आणि येथे त्याचा कारभारी नव्हता. वीज पूर्ण गेली की ते निजे. सकाळी थंड यंत्र सुरू केले की ते निजलेलेच असे. रात्री कोण बसले आहे याचा याच्याशी काडीमात्र संबंध नव्हता. कावळा बसावा आणि ताडाचे फळ पडावे, या काकतालीय न्यायाने आम्ही सूनबाईंना त्या फळाच्या कारण ठरवून मोकळे झालो होतो.

तरीही पुतण्याने घाई केली नाही. टीव्ही पाहून पुनरारंभ केला, बिघाड झाला. टीव्ही पाहून यंत्र पूर्ण बंद केले, मागची वायर काढून मिनिटभर थांबलो, मग सुरू केले, बिघाड नाही. असे दोन्ही प्रकार तीन-तीनदा केले. तेव्हा कोठे त्याने ट्यूनरचे कार्ड काढून दूरच्या खाचेत बसवले. पीसीआयच्या खाचांना चार तारा आळीपाळीने जोडलेल्या असतात, म्हणून खाच बदलली की बहुधा तारही बदलते. ट्यूनर सतराव्या तारेवर गेला. तेथे लिनक्समधील दुसरे कोणी वस्तीस नसल्यामुळे ती तार उघडलीच जात नव्हती, म्हणून त्याच्या ओढण्याने कोणाचे अडण्याचे कारण उरले नाही. एक स्क्रू आणि पाच मिनिटे, एवढाच सगळा खर्च. आमच्या दोन केबली आणि एक डिस्क मात्र फुकट गेल्या.

वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या यंत्रावर डिस्कच्या त्रुटी येत असतील, तर त्यांनी आमच्या फजितीवरून पुढील क्रम घ्यावा. सर्वांआधी महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसरीकडे करून ठेवावी. दोष कोठेही असो, डिस्कवर अर्धवट लिहिले गेलेले पान परत येत नाही. मग स्मार्टची नोंद पाहावी. ती वाईट असेल तर डिस्क बदलावी आणि हा लेख बाजूस ठेवावा. ती चांगली असूनही त्रुटी येत असतील, तर कोणते उपकरण कोणत्या तारेवर आहे ते पाहावे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘व्ह्यू’खाली ‘रिसोर्सेस बाय टाइप’ निवडले की ही यादी दिसते. एकाच तारेवर दोघे दिसले म्हणून लगेच घाबरू नये. पीसीआयमध्ये तसे असणे हा गुन्हा नव्हे. डिस्कचा सोबती कोण, आणि त्याचा ड्रायव्हर नीट आहे काय, एवढे पाहावे. मग कार्डाची खाच बदलावी. कार्डाला हात लावण्यापूर्वी वायर काढून ठेवावी हे सांगणे नलगे. न लागणारी बंदरे बायोसमध्ये जाऊन बंद करावीत, आणि वापरात नसलेले कार्ड काढूनच टाकावे. लिनक्समध्ये ‘आयआरक्यूपोल’ नावाचा एक पर्याय आहे; त्यात हाकेवर विसंबून न राहता कर्ता ठरावीक अंतराने साऱ्यांच्या दारी जाऊन येतो. त्याने काम निभावते, पण यंत्र मंदावते, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा. आणि काहीही करा, एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर गुण कशाने आला हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही.

नव्या यंत्रांत हा प्रश्न पुष्कळसा मिटला आहे. पीसीआयच्या १९९८ सालच्या सुधारणेत अशी सोय झाली, की उपकरणाने दोरी ओढावयाचीच नाही. ठरलेल्या ठिकाणी आपला निरोप लिहून टाकावयाचा. निरोप ज्याचा त्याचा वेगळा असल्यामुळे ‘हाक कोणाची?’ हा प्रश्नच उरत नाही. आजच्या वेगवान एनव्हीएमई डिस्का याच रीतीने चालतात. तरी जुनी यंत्रे कार्यालयांतून, शाळांतून आणि पेढ्यांवरून अद्याप राबत आहेत, आणि त्यांच्या डिस्कांना विनाकारण दोष लागत असेल अशी आम्हास शंका आहे.

खटल्याचा शेवट राहिला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सर्व मंडळी जेवावयास बसली असता आम्ही म्हणालो, “सूनबाई, चूक आमची झाली. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच सांगतो.” त्या वाढता वाढता थांबल्या व म्हणाल्या, “मामंजी, वही आधीच दाखवायची होती. पण कोणी विचारलं नाही.” या वाक्याचा राग आला असता तर बरे, असे आम्हास वाटले; त्यात राग नव्हता.

कुलवृत्तांत पुढे यथाकाल पूर्ण झाला, आणि सर्व टंकन सूनबाईंनीच केले. ती दोनशे पानी वही अद्याप संगणकाच्या मेजावर असते. यंत्र त्यानंतर दोनदा बदलले, वही तीच आहे. घरात काही बिघडले की आम्ही हल्ली प्रथम तीत पाहतो, आणि मगच तोंड उघडतो.